सहाशे पुंगळ्या आणि दोन हंडे पाणी

"ताई, तुमचे कोअर आखूड आलेत."

"शक्यच नाही. एक मीटरचा स्टॉपर लावून कापलेत."

"मग तुमचा मीटर आखूड आहे."

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात, बाहेर पाऊस कोसळत असताना, भिवंडीकडच्या एका फिल्म स्लिटिंग युनिटच्या, म्हणजे प्लास्टिक फिल्मची मोठी रिळं कापून लहान करणाऱ्या कारखान्याच्या, खरेदीवाल्याशी माझं हे बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, आली आणि तिच्यापाठोपाठ टेम्पो भरून माल परत. प्रकरण साध्या कागदी पुंगळीचं, म्हणजेच कोअरचं, पण ते उलगडायला आम्हाला तीन आठवडे लागले. या धंद्यात तीस वर्षं काढलेल्यांनाही ते चटकन दिसलं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीपासून फार लांब नसलेल्या एका इस्टेटीत आमचा तळमजल्याचा गाळा आहे. भिंतीवर २६ जुलै २००५ ची पाण्याची रेघ अजून दिसते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमची खालच्या रांगेतली सगळी कागदाची रिळं लगदा झाली. तेव्हापासून रिळं लोखंडी घोड्यांवर ठेवतो. म्हणजे पाणी काय करतं हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. आम्हाला फक्त डोळ्यांना दिसणारं पाणी कळत होतं.

आम्ही बनवतो ते कागदी कोअर, म्हणजे चिकटपट्टी, प्लास्टिक फिल्म, फॉइल ज्यावर गुंडाळतात ती पुंगळी. रीळ संपल्यावर तुम्ही जी पोरांना दुर्बीण म्हणून देता, ती. या ऑर्डरीचं माप असं: आतला व्यास ७६.२ मिलिमीटर, म्हणजे धंद्याच्या भाषेत 'तीन इंची', भिंत ५ मिलिमीटर, लांबी १००० मिलिमीटर, नग ६००.

पुंगळी वळते कशी

मशीन न पाहिलेल्या माणसाला वाटतं, दांडा फिरत असेल आणि त्याच्यावर कागद गुंडाळला जात असेल. आमच्या मशीनवर दांडा फिरतच नाही. मॅन्ड्रेल, म्हणजे मशीन चालवणाऱ्या आमच्या मामांच्या भाषेत 'दांडा', हा घासून गुळगुळीत केलेला पोलादी रूळ एका टोकाला घट्ट आवळलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा असतो. कागदाच्या पट्ट्या तिरक्या येऊन त्याच्यावर चढतात. त्यांच्याभोवती एक रुंद, चपटा बेल्ट एक वेढा घालून जातो आणि त्याची दोन्ही टोकं दोन मोठ्या उभ्या ड्रमवरून फिरतात. ड्रम फिरले की बेल्ट पळतो, बेल्ट पुंगळीला कवळून फिरवतो, आणि वेढा तिरका असल्यामुळे फिरवता फिरवता पुढेही ढकलतो. दांडा जागच्या जागी आणि त्याच्यावरून पुंगळी स्क्रूसारखी सरकत बाहेर येते. लहानपणी बाबांबरोबर गाळ्यात यायचे तेव्हा मला हे न संपणाऱ्या चकलीसारखं वाटायचं.

सगळ्यात आतल्या पट्टीच्या आतल्या अंगाला गम लावत नाहीत, उलट मेण चोळतात. नाहीतर पुंगळी दांड्यालाच चिकटून बसेल. बाकीच्या पट्ट्या गमच्या तसराळ्यातून जातात आणि जादा गम पात्याने निपटला जातो. हे पातं लक्षात ठेवा.

पट्टीची रुंदी मनाने ठरवता येत नाही. पुंगळी उभी चिरून सपाट पसरली असं समजा: पट्टी तिरकी बसते आणि तिच्या दोन कडा एकमेकींना नेमक्या भिडायला हव्यात. कडेवर कड चढली तर आत वळी उठते आणि ती फिल्मवर उमटते. फट राहिली तर तिथे खोबण पडते. पट्टी पुंगळीच्या आसाशी जो कोन करते त्याचं कोसाइन घ्यायचं, त्याला परिघाने गुणायचं, की रुंदी मिळते. आमच्याकडे आतली पट्टी १४० मिलिमीटरची, कोन साडेचोपन्न अंशांच्या आसपास. दर थराला पुंगळीचा बाहेरचा व्यास एक मिलिमीटरने वाढतो, पण सगळे थर एका फेऱ्यात सारखेच पुढे सरकायला हवेत. त्यामुळे वरची प्रत्येक पट्टी खालच्यापेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर रुंद लागते. दहावी, म्हणजे सगळ्यात वरची पट्टी १४५ ला जाते. प्रत्येक थराचा सांधा खालच्या सांध्यापासून बाजूला सरकवलेला असतो, विटांच्या भिंतीसारखा.

या मापाने एका फेऱ्यात पुंगळी १७२ मिलिमीटर पुढे जाते. मिनिटाला शंभर फेरे धरले तर सतरा मीटर. पुढे कटर आहे. त्याची गाडी पुंगळीच्या वेगानेच तिच्यासोबत धावते, पातं टेकवते, पुंगळी स्वतःच फिरत असल्यामुळे एका फेऱ्यात ती सगळीकडून कापली जाते, आणि गाडी परत मागे येते. सहाशे मीटरला पस्तीस मिनिटं. रीळ बदलणं, सांधे जोडणं धरून दीड तास म्हणा. दीड तासात ऑर्डर पूर्ण. हाच आमचा अभिमान होता आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

भिवंडीला काय दिसलं

मी आणि मामा टेम्पोतून गेलो. मामा माणगावकडचे, बाबांच्या वेळेपासून मशीनवर. तिथला हॉल पाहून ते दारातच थबकले. चकाचक, वातानुकूलित, भिंतीवरचा आकडा सांगत होता २४ अंश, आर्द्रता ४८ टक्के. बाहेर छत्री उलटी करणारा पाऊस आणि आत ओठ सुकतील अशी हवा.

त्यांच्या सुपरवायझरने दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, कोअरच्या टोकाबाहेर फिल्मची कड दीड-दोन मिलिमीटर लोंबत होती; रीळ उभं ठेवलं की ती कड चेपायची. दुसरी जास्त वाईट. आठ-दहा दिवस ठेवलेल्या रिळाच्या तोंडाकडे पाहिलं तर कोअरजवळच्या थरांत सुरकुत्या होत्या, चांदणीच्या किरणांसारख्या बाहेर फुटलेल्या. तेवढी फिल्म भंगारात.

"तुमचा कोअर नरम आहे," तो म्हणाला. "दहाऐवजी बारा थरांचा द्या."

मी पटकन हो म्हणणार होते. गिऱ्हाईक स्वतःहून जाड कोअर मागतंय, दोन पैसे जास्त मिळतील. मामांनी माझ्या कोपराला हात लावला. ते परत आलेला एक कोअर घेऊन त्याच्यावर बोटाच्या पेराने टकटक करत होते.

"ताई, हा आपला बोलत नाही असा."

"म्हणजे?"

"आपल्याकडून निघाला तेव्हा ठप्प बोलायचा. हा टणटणतोय."

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. व्हर्नियर आणि पट्टी लावून मापं तेवढी घेतली: ९९७, ९९६.५, ९९७.५. आतला व्यासही दोन दशांश मिलिमीटरने कमी. दोन कोअर काखोटीला मारून परत आलो.

चुकीच्या वाटा

पहिला संशय लांबी ठरवणाऱ्या स्टॉपरवर. त्याच दिवशीचा कोअर मोजला: १००० बरोबर. मग दांडा झिजला असेल म्हणून मायक्रोमीटर लावला; झीज होती, पण केसभर, आणि झिजलेल्या दांड्याने लांबी कशी कमी होईल? बेल्ट सैल आहे का पाहिलं. बेल्ट सैल पडला तर थर नीट दाबले जात नाहीत आणि कोअर खरंच नरम होतो. फार आवळला तर पुंगळी दांड्यावर अडकते, तापते. तोही ठीक होता. बाबांचं मत ठाम होतं की कागदवाल्याने हलका माल दिला. त्यांचं मत दर प्रकरणात हेच असतं. पट्टीचा तुकडा कापून वजन केलं: ३७५ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३७५ ग्रॅम, बिलावर तेवढंच.

आठवडा असा गेला. मग एक गोष्ट आपसूक घडली. त्याच बॅचचे चार जादा कोअर आमच्याकडेच कोपऱ्यात पडले होते. मी ते मोजले. तीन आठवड्यांनंतरही १०००. आणि भिवंडीहून आणलेले ते दोन, जे तिथे ९९७ होते, ते आमच्या गाळ्यात चार रात्री राहून ९९९ झाले होते.

कोअर वाढला होता. मी पट्टी तीनदा लावली. मग मामांना म्हटलं, तुम्ही मोजा. त्यांनी मोजलं, पेराने टकटक केली आणि म्हणाले, "आता ठप्प बोलायला लागलाय."

कागद ओला झाला की फुगतो, सुकला की आक्रसतो. पावसाळ्यात घट्ट बसणारं लाकडी दार माहीत असलेल्या कुणालाही हे सांगायला नको. पण पुंगळी दगडासारखी लागते हाताला. ती दारासारखी वागेल हे डोक्यात येत नाही.

पन्नास ग्रॅमची कडी

ओळखीच्या एका लॅबमध्ये ओव्हन होता. आमच्या कोपऱ्यातल्या कोअरची एक कडी कापली, बरोबर ५०.० ग्रॅम. १०५ अंशांवर ठेवली आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत मोजत राहिले. ४३.१ ग्रॅमवर काटा थांबला. म्हणजे ६.९ ग्रॅम पाणी, १३.८ टक्के. भिवंडीच्या हॉलमधून हवाबंद पिशवीत मागवलेल्या तुकड्याची तशीच कडी ४५.९ वर थांबली. ८.२ टक्के. कोअरचा ओलावा मोजायची हीच रीत आयएसओ ११०९३ या प्रमाणकाच्या तिसऱ्या भागात आहे. आमच्याकडे तोवर व्हर्नियर होता, वजनकाटा होता, पण ओलावा कुणी मोजला नव्हता.

हिशेब मांडला तेव्हा जरा हबकलेच. एक मीटर कोअर म्हणजे जवळपास एक किलो. सहाशेचा लॉट १३.८ वरून ८.२ टक्क्यांवर आणायचा तर त्यातून पस्तीस लिटर पाणी जायला हवं. दोन मोठे हंडे. गिऱ्हाइकाला आम्ही ६०० कोअर आणि दोन हंडे पाणी विकलं होतं, आणि ते पाणी त्याच्या फिल्मच्या पोटात बसून हळूहळू उडून गेलं. फिल्म ताणून गुंडाळलेली असते. ती कोअरला चारी बाजूंनी आवळते. आतला कोअर आक्रसला की सगळ्यात आतल्या थरांचा आधार जातो, बाहेरचे थर त्यांना दाबतच राहतात, आणि ते दुमडतात. त्याच त्या चांदणीसारख्या सुरकुत्या.

आता बारा थरांची मागणी पाहा. दोन थर जास्त म्हणजे गमचे दोन लेप जास्त, म्हणजे पाणी आणखी जास्त, आणि भिंत जाड झाल्यामुळे ते बाहेर पडायला वेळही जास्त. मी त्या दिवशी हो म्हटलं असतं तर महिन्याभराने यापेक्षा मोठी डेबिट नोट आली असती.

पाणी आलं कुठून? कागद आमच्याकडे येतो तेव्हाच त्यात सातआठ टक्के असतं. आमचा गम पांढरा, पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट). त्यात निम्म्याहून जास्त पाणीच. दहा थरांमध्ये नऊ लेप. मीटरमागे नव्वदएक ग्रॅम गम लागतो, त्यातलं पन्नास ग्रॅम पाणी, म्हणजे ओलाव्यात सरळ पाच टक्क्यांची भर. हे तर मशीन बरोबर चालत असताना. इथे ते निपटणारं पातं आठवा: आमचं एका बाजूने बोथट झालं होतं आणि त्या बाजूच्या पट्ट्यांवर लेप जाड बसत होता.

आणि मग मग. म्हणजे प्लास्टिकचा, आंघोळीचा. गमच्या तसराळ्याशेजारी तो टांगलेला असायचा आणि पोऱ्या तासाभराने दोन मग पाणी गममध्ये घालायचा. मी विचारलं, का?

"नेहमी घालतो."

मामांनी उलगडा केला. मे महिन्यात तसराळ्यातलं पाणी उडतं, गम दाट होतो, पट्टी ओढत नाही. म्हणून त्यांनीच त्याला शिकवलं होतं. ऑगस्टात पाणी उडत नाही, पण थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मामा त्या दिवशी जेवायला उशिरा बसले. मी त्यांना काही बोलले नाही; थांब म्हणायचं काम माझंही होतंच.

शेवटची चूक तर निव्वळ माझी. पावसात माल भिजू नये म्हणून कापल्या कापल्या गठ्ठ्यांना प्लास्टिक गुंडाळायचा हुकूम माझा. पाऊस बाहेर ठेवायच्या नादात मी ओलावा आत कोंडला.

बाबांचा प्रश्न

बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मी गिरण्यांना इतकी वर्षं नळ्या दिल्या, खळ लावून दिल्या. एक परत आली नाही. तेव्हा कोण मोजत होतं ओलावा?"

प्रश्न रास्त होता आणि दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही. गिरणीच्या नळ्या बारीक, पातळ भिंतीच्या. दोनतीन लेपांचं पाणी एका रात्रीत उडायचं, हे एक. दुसरं जास्त मजेशीर आहे. कोरड्या हवेत सूत तुटतं. मुंबईची दमट हवा कापडधंद्याला मानवली असं म्हणतात ते उगाच नाही, आणि तरीही गिरण्यांच्या खात्यांत मुद्दाम पाण्याचा फवारा मारून हवा ओलसर ठेवायचे. ओली नळी ओल्या खात्यात जायची. आक्रसायचा प्रश्नच नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिऱ्हाईक बदललं, गिरण्या जाऊन टेपवाले आणि फिल्मवाले आले, त्यांनी एसी बसवले. आमची रीत मात्र गिरणीचीच राहिली. बाबा यावर "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे बरंच काही असतं.

सुकवायचं कसं

नुसतं उघडं ठेवून ऑगस्टात भागत नाही. हवेची आर्द्रता ८५-९० टक्के असेल तर कागद तेरा टक्क्यांच्या आसपासच थांबतो, महिनाभर ठेवा की वर्षभर. कोपऱ्यातले ते चार कोअर त्याचाच पुरावा होते.

म्हणून मागच्या भिंतीला पत्रा आणि थर्माकोल लावून खोली केली, हीटर आणला, आणि उत्साहाच्या भरात साठ अंशांवर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर पुढच्या रांगेतले कोअर केळ्यासारखे वाकलेले. मीटरला सहा मिलिमीटरचा बाक. ज्या अंगाला गरम वारा लागला ते अंग आधी आक्रसलं. काहींची टोकं उकलली होती. चाळीस नग भंगारात गेले.

मग सबुरीने घेतलं. २८ अंश आणि ८८ टक्क्यांची हवा नुसती ४० अंशांपर्यंत तापवली तरी तिची आर्द्रता ४५ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण हवेची भूक वाढते. जास्त तापवायची गरजच नाही. कोअर उभे, एकमेकांत बोटभर अंतर ठेवून. पंखा मंद, आणि एक्झॉस्ट सतत चालू, कारण उडालेलं पाणी बाहेर घालवलं नाही तर दोन तासांत खोलीच गाळ्यासारखी दमट होते. सहा दिवसांत कोअर नऊ टक्क्यांच्या खाली येतात.

सगळ्यात मोठा बदल फुकटचा होता. आता मशीनवर एक मीटर कापतच नाही. तीन मीटरहून चार बोटं लांब नळ्या काढतो, त्या सुकवतो, आणि सुकल्यावर दुसऱ्या कटरवर नेमक्या लांबीला कापतो. आक्रसायचं ते आधीच आक्रसून झालेलं असतं. व्यासाचं असं करता येत नाही, कारण तो दांड्यावरच ठरतो. म्हणून नवा दांडा दोन दशांश मिलिमीटरने जाड घडवून घेतला. निपटायचं पातं दर सोमवारी बदलतो. गममध्ये पाणी घालायचं तर मामांना विचारून, आणि मामा हवेतली आर्द्रता दाखवणारा हायग्रोमीटर पाहून सांगतात. कोअरच्या ओलाव्याचा आकडा बघायच्या आधी ते पेराने टकटक करतात, अंदाज बोलतात, मग बघतात. बहुतेक वेळा एका टक्क्याच्या आत असतात.

सप्टेंबरच्या शेवटी भिवंडीला नवा लॉट गेला. महिन्याभराने तिथे जाऊन मोजले: ९९९.५, १०००, ९९९.५. सुरकुती नाही. डेबिट नोट निम्म्यावर मिटली.

खोलीने मात्र चार पॅलेटची जागा खाल्ली, विजेचं बिल वाढलं, आणि पावसाळ्यात आम्ही आठ दिवसांच्या आत माल देत नाही. अंधेरीचा एक जुना टेपवाला त्यामुळे तुटला. त्याला दोन दिवसांत माल देणारं कुणीतरी मिळालं. त्याची रिळं लहान असतात, दोन-तीन आठवड्यांत खपतात, पुंगळी आक्रसेपर्यंत टेप संपलेली असते. त्याच्यापुरतं त्याचं बरोबर आहे, आणि तो काही परत आलेला नाही.